आधी काम पाहा, मग कार्ड घ्या

कापडाच्या दुकानात बसून संगणकाचे कोटेशन वाचण्याची वेळ आमच्यावर येईल असे कधी वाटले नव्हते. पण जुलै २०२५ मध्ये ती आली. आमचे मेहुणे येथे चिखलीतच शिवणकाम करतात. एके दिवशी दुपारी ते दुकानात आले, गादीवर बसले आणि खिशातून चौघडी केलेला कागद काढून आमच्यापुढे ठेवला. म्हणाले, "भाईजान, तुमचा जन्म माल घेण्या-विकण्यात गेला. हा कागद जरा नजरेखालून घाला. मला यातले काही कळत नाही."

हकीकत अशी की त्यांच्या मुलीने, म्हणजे आमच्या भाचीने, बारावीनंतर चित्रकलेच्या पदवीची प्रवेश परीक्षा दिली आणि छत्रपती संभाजीनगरला उपयोजित कला या विषयाला तिला जागा मिळाली. जाहिरात, वेष्टन, पुस्तकाचे मुखपृष्ठ, बोधचिन्ह ही सगळी कामे या विषयात येतात. आजच्या बोलीत त्यालाच ग्राफिक डिझाइन म्हणतात. राहण्याची सोय तिच्या खालाकडे झाली. उरला प्रश्न संगणकाचा. मेहुण्यांनी तीन-चार हंगामांच्या शिलाईतून सत्तर हजार रुपये बाजूला ठेवले होते. कोटेशन होते अडुसष्ट हजारांचे.

आम्ही कागद उघडला. त्यातील सर्वांत मोठी रक्कम एकाच ओळीत होती : ग्राफिक्स कार्ड, आरटीएक्स ४०६०, आठ जीबी, रुपये २८,५००. प्रोसेसर इंटेलचा आय-फाइव्ह १२४००एफ. रॅम आठ जीबी. एसएसडी पाचशे जीबी. आणि सर्वांत शेवटी, जणू आठवण झाली म्हणून लिहिलेले : मॉनिटर २२ इंची. कंपनीचे नाव नाही, जात नाही, काही नाही. ज्या मुलीला चार वर्षे डोळ्यांनी काम करायचे आहे तिच्या डोळ्यांपुढच्या वस्तूला कागदावर नावसुद्धा नव्हते.

मेहुण्यांना विचारले, एवढे मोठे कार्ड कशासाठी? ते म्हणाले, "दुकानदार म्हणाला, मुलगी ग्राफिक डिझाइन शिकणार ना, मग ग्राफिक्स कार्ड चांगलेच पाहिजे."

वाचकहो, आमच्या मते सगळी गफलत या एका शब्दात आहे. आमच्या धंद्यात 'आर्ट सिल्क' नावाचा माल कित्येक वर्षे खपला. गिऱ्हाइकाला वाटायचे, आर्ट म्हणजे कला, म्हणजे हे काही तरी कलाकुसरीचे रेशीम असणार. वास्तविक तेथे आर्ट म्हणजे आर्टिफिशियल, नकली. ते होते रेयॉन. तोच प्रकार येथे. 'ग्राफिक' हा शब्द दोन्हीकडे आहे म्हणून दोन्हींची सोयरीक आहेच असे नाही. ग्राफिक डिझाइन करणाऱ्याला ग्राफिक्स कार्ड लागते का, या प्रश्नाचे उत्तर तो डिझाइनमध्ये नेमके काय करतो यावर आहे. ते न विचारता कार्ड सुचवणे म्हणजे गिऱ्हाईक शेरवानी शिवणार की लेंगा हे न विचारता कापड फाडून देणे.

मग आम्ही काय केले, तर जाणकारांना विचारले. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले; संगणक आम्ही दुकानाच्या जीएसटीपुरता शिकलो. पण व्यापाऱ्याला एक गोष्ट येते : चार ठिकाणी भाव विचारणे आणि चार तोंडांनी ऐकलेले पडताळून पाहणे. चिखलीच्या दोन दुकानांत गेलो, बुलढाण्याला गेलो, जालन्यात ओळखीच्या छापखानेवाल्याकडे बसलो, आणि भाचीच्या पुढच्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याशी फोनवर बोललो. जे समजले ते आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या भाषेत सांगतो. आज आपल्या समाजात दर्जी, छापखानेवाले, फ्लेक्सवाले, लग्नपत्रिकावाले यांची मुले या विद्येकडे वळत आहेत. घरोघरी हा कागद येणार आहे.

प्रोसेसर हा एक हुशार मास्टर आहे असे समजा. तो मापे घेतो, बेत करतो, कापतो, हिशेब ठेवतो. कोणतेही काम द्या, तो करतो. पण त्याचे हात थोडे, सहा-आठ. ग्राफिक्स कार्ड म्हणजे भिवंडी-मालेगावसारखी मागांची मोठी शेड. आरटीएक्स ४०६० मध्ये असे ३,०७२ छोटे हात आहेत. प्रत्येक हात अडाणी, पण सगळ्यांनी एकाच वेळी एकच साधे काम करायचे असेल तर मास्टर त्यांच्यापुढे टिकत नाही. पडद्यावरचे चित्र असेच काम आहे. साध्या पूर्ण एचडी पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० असे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला साठ वेळा चित्र बदलायचे म्हणजे १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचा रंग दर सेकंदाला ठरवायचा. खेळांसाठी ही शेड उभी राहिली. एनव्हिडिया कंपनी १९९३ साली निघाली आणि १९९९ मध्ये तिने जीफोर्स २५६ हे कार्ड बाजारात आणले, तेव्हापासून 'जीपीयू' हा शब्द रूढ झाला.

(जाता जाता : 'कार्ड' हा शब्द कापडवाल्यांना नवा नाही. फ्रान्सच्या जॅकार्डने १८०४ मध्ये भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर नक्षी विणून दाखवली. जेथे भोक तेथे धागा उचलणार, नाही तेथे नाही. संगणकवाल्यांनी भोकांची कार्डे पुढे आपल्याकडून उचलली. तेव्हा बिचकण्याचे कारण नाही.)

आता प्रश्न : पत्रिका, बोधचिन्ह, पोस्टर, मुखपृष्ठ करताना ही शेड लागते का? कोरलड्रॉ १९८९ मध्ये आले, फोटोशॉप १९९० मध्ये. उर्दूचे इनपेज १९९४ मध्ये आले आणि कातिबांच्या हातातले काम बघता बघता पडद्यावर गेले. त्या काळात कोणत्या पत्रिकावाल्याकडे असले कार्ड होते? अर्थात तेव्हाचे सॉफ्टवेअर हलके होते, आजचे जड आहे, हे मान्य. आजचे फोटोशॉप चित्राचे काही काम कार्डाकडे ढकलते. चित्र फिरवणे, मोठे-लहान करणे, काही फिल्टर कार्ड असेल तर झरझर होतात. पण ही कामे प्रोसेसरच्या पोटात जे ग्राफिक्स असते त्यावरही होतात. शिकणाऱ्याच्या पोस्टरला तेवढे पुरते. आणखी एक गैरसमज : कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी कार्ड हवे. फोटोशॉपमध्ये चित्राचा रिकामा भाग आपोआप भरून देणारी जी सोय आहे, ते काम आपल्या संगणकावर होतच नाही. ते अडोबी कंपनीच्या संगणकांवर होऊन परत येते. तेथे कार्ड नव्हे, इंटरनेट लागते.

मग हे काम कशावर अडते? रॅमवर. जालन्याच्या छापखानेवाल्याने आम्हाला कागदावर हिशेब मांडून दाखवला, तो येथे देतो. वीस फूट बाय दहा फूट फ्लेक्स. इंचाला ७२ ठिपके धरले तर आडवे १७,२८० आणि उभे ८,६४०; म्हणजे जवळजवळ १५ कोटी ठिपके. छपाईचे रंग चार, म्हणून प्रत्येक ठिपक्याला चार बाइट. एक थर झाला सुमारे ६०० एमबीचा. मागे पार्श्वभूमी, वर फोटो, त्यावर सावली, असे पाच पूर्ण थर केले की तीन जीबी. विंडोज स्वतः जागा खाते, ब्राउझर उघडा असतो, फोटोशॉपची स्वतःची भूक वेगळी. आठ जीबीची रॅम तेथेच गळ्यापर्यंत येते आणि मग संगणक रांगू लागतो. लोक म्हणतात, कार्ड कमी पडले. कार्डाचा काही संबंध नसतो. गोदाम लहान आहे, दोष मागाला देतात.

कोटेशनमधील दुसरी गोम आम्हाला त्या विद्यार्थ्याने दाखवली. प्रोसेसरच्या आकड्यापुढे 'एफ' होता. इंटेलच्या ज्या प्रोसेसरपुढे एफ असतो त्याच्या पोटात ग्राफिक्स नसतेच. तो थोडा स्वस्त मिळतो; पण मग कार्ड घेतल्यावाचून पडद्यावर चित्रच येत नाही. म्हणजे पंधराशे-दोन हजार वाचल्यासारखे दाखवायचे आणि गिऱ्हाइकाला अठ्ठावीस हजारांच्या दारात आणून उभे करायचे. दुकानदाराने हे जाणून केले असे आम्ही म्हणत नाही. खेळणाऱ्या मुलांना रोज तोच संच द्यायचा, तोच हात वळला असेल. पण एका अक्षराची किंमत काय असते ते आमच्या मेहुण्यांच्या ध्यानात आले.

आता आमच्या घरची एक गोष्ट सांगणे भाग आहे, नाहीतर हा लेख म्हणजे दुसऱ्याला शहाणपण शिकवणे होईल. २०२१ साली आमच्या पुतण्याने फ्लेक्सचे काम सुरू केले. तेव्हा कार्डांचा दुष्काळ होता. आभासी चलन काढण्यासाठी लोक कार्डांच्या थप्प्या लावत होते, माल मिळत नव्हता आणि भाव छापील किमतीच्या कितीतरी वर गेले होते. आम्ही मोठेपणाने म्हणालो, "धंद्याचे हत्यार आहे, घासाघीस करू नको." कार्ड आले. वर्षभर पुतण्याने कोरलड्रॉवर पोस्टर केले, पत्रिका केल्या, ईदची आणि वाढदिवसाची बॅनरे केली. कधी तक्रार नाही. पुढच्या उन्हाळ्यात संगणकात धूळ साठून तो बंद पडू लागला म्हणून दुरुस्तीवाला बोलावला. त्याने मागे बघितले आणि हसला. मॉनिटरची वायर कार्डाच्या खाचेत नव्हतीच. ती मदरबोर्डच्या खाचेत लावलेली होती. वर्षभर चित्र प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सवर येत होते. कार्ड नुसते बसून होते.

पुतण्या खजील झाला, आम्ही चिडलो. पण आज विचार करता वाटते की यापेक्षा स्वच्छ दाखला मिळणार नाही. वायर योग्य ठिकाणी लावल्यावर कामात किती फरक पडला असे आम्ही त्याला विचारले होते. त्याने प्रामाणिकपणे सांगितले, "चाचा, कोरलमध्ये तर मला काही कळत नाही." बॅनरे तशीच होत राहिली. तुमच्याकडे कार्डाचा संगणक असेल तर आजच मागे जाऊन वायर कुठे आहे ते पाहा. सरळ उभ्या डब्यात मदरबोर्डच्या खाचा वर असतात आणि कार्डाच्या त्याखाली, आडव्या.

येथवर वाचून काही बुजुर्ग खूश होतील आणि म्हणतील, आम्ही सांगतच होतो, ही कार्डे म्हणजे पोरांच्या खेळाचे खूळ आहे. त्यांना आमचा विरोध आहे, आणि तो स्पष्ट शब्दांत नोंदवतो. जेथे कार्ड खरोखर लागते तेथे त्याला 'खेळणे' म्हणून नाही म्हणणे हा तितकाच मोठा तोटा आहे. ब्लेंडर नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्यात वस्तू तिन्ही बाजूंनी घडवता येते, हलवता येते. समजा दहा सेकंदांची जाहिरात करायची. सेकंदाला पंचवीस चित्रे, म्हणजे अडीचशे. प्रोसेसरवर एका चित्राला दोन मिनिटे लागली तर पाचशे मिनिटे, सव्वाआठ तासांहून अधिक. तेच कार्डावर एका चित्राला पंधरा सेकंद लागली तर तासाभरात काम हातात. रात्रभर संगणक चालू ठेवायचा आणि पहाटे वीज गेली की सकाळी पुन्हा पहिल्यापासून बसायचे, हा हिशेब कोणत्या कारागिराला परवडेल? दाविंची रिझॉल्व्हसारखे व्हिडिओचे सॉफ्टवेअरही कार्डावाचून लंगडे चालते. तेव्हा मुलगा किंवा मुलगी चलचित्र, त्रिमिती, व्हिडिओ या वाटेने जाणार असेल तर कार्डासाठी खुशाल पैसा काढावा. तेथे आठ जीबीच्या खाली उतरू नये. कार्डाची मेमरी म्हणजे शेडच्या आतले गोदाम. सूत त्यात मावले नाही तर बाहेरून ओढून आणावे लागते आणि माग थांबतात. शक्यतो एनव्हिडियाचे घ्यावे. एएमडीचे कार्ड त्याच पैशात खेळांसाठी सरस पडते. पण ब्लेंडरमध्ये आणि अशा बहुतेक कामांत एनव्हिडियाला साथ अधिक आहे.

भाचीला आम्ही हेच विचारले, "बेटी, तू करणार काय?" ती म्हणाली, "मामू, पहिल्या वर्षी तर बहुतेक सगळे हातानेच. पेन्सिल, पोस्टर कलर, अक्षरलेखन. संगणक खरा पुढे लागतो. अॅनिमेशन घ्यायचे की छपाईकडे जायचे ते मी अजून ठरवलेले नाही." मेहुणे आमच्याकडे बघू लागले. चार वर्षांच्या पदवीत पहिले वर्ष पायाभूत असते हे अडुसष्ट हजारांच्या त्या कागदाला माहीतच नव्हते. अठ्ठावीस हजारांचे कार्ड पहिले वर्षभर हवा खात बसणार, आणि त्याच्या कामाची वेळ येईल तेव्हा बाजारात त्याच्या पुढची पिढी आलेली असणार. कापडाचा माल हंगामाच्या दोन वर्षे आधी कोण भरतो?

तिला आज काय लागते? मॉनिटर. याबाबत आम्ही कोणाचे ऐकून बोलत नाही. रंग हा आमचा धंदा आहे. दुकानात ट्यूबलाइटखाली जी साडी डाळिंबी दिसते ती ओट्यावर उन्हात विटकरी निघते, म्हणून जुनी गिऱ्हाईक बाई साडी घेऊन दारात जाते. वाईट पडदा म्हणजे अशी ट्यूबलाइट आहे, जी चार वर्षे डोक्यावरून हलत नाही. स्वस्त पडद्यावर मान जरा खालीवर केली की रंग बदलतो. म्हणून आयपीएस जातीचा पडदा मागावा, आणि तो एसआरजीबी नावाच्या रंगपट्ट्यापैकी किती रंग दाखवतो ते खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीत वाचावे. शंभराच्या जवळ हवे. काही स्वस्त पडद्यांवर, विशेषतः हलक्या लॅपटॉपवर, '४५ टक्के एनटीएससी' असे लिहिलेले असते. तो माल रंगाच्या कामाचा नव्हे, कितीही पातळ आणि देखणा असला तरी. पुतण्याच्या एका बॅनरचा हिरवा छापून आला तेव्हा पोपटी झाला होता आणि गिऱ्हाइकाने पैसे कापले. तो दोष ना कार्डाचा होता, ना छापखान्याचा.

काही विक्रेते म्हणतात की बारीक रंगछटांसाठी डिझाइनवाल्यांचे वेगळे, महागडे कार्ड लागते. ही गोष्ट एके काळी खरी होती. २०१९ पासून एनव्हिडियाने आपल्या साध्या कार्डांनाही 'स्टुडिओ' ड्रायव्हर देऊन ती सोय खुली केली. विद्यार्थ्याने त्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

आता नावांची फसवणूक. आमच्याकडे 'कॉटन'च्या शिक्क्याखाली पॉलिस्टरची भेसळ येते, त्यांच्याकडे एकाच नावाखाली दोन वेगळे माल येतात. आरटीएक्स ३०५० जानेवारी २०२२ मध्ये आले ते आठ जीबीचे, २,५६० हातांचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच नावाने सहा जीबीचे आले. त्याचे हात २,३०४. फरक फक्त दोन जीबीचा आहे असे समजून घेणारा फसतो. जीटी १०३० चे तर २०१८ मध्ये मंद मेमरीचे भावंड निघाले, नाव तेच. लॅपटॉपमधील कार्डाचे नाव टेबलावरच्या कार्डासारखे असते, ताकद मात्र कमी. आणि ते पुढे बदलताही येत नाही. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला लॅपटॉपशिवाय गत्यंतर नसते हे आम्ही जाणतो. पण घर स्थिर असेल तर टेबलावरचा संगणकच घ्यावा.

सर्वांत वाईट म्हणजे जीटी ७१० आणि जीटी ७३०. 'दोन जीबी कार्ड, चार जीबी कार्ड' म्हणून ही अजून गावोगावच्या काउंटरवर दिसतात. ती २०१४ च्या आसपासची पिढी. त्यांतील बहुतेकांना नवे ड्रायव्हर देणे कंपनीने २०२१ मध्येच थांबवले. आजच्या प्रोसेसरच्या पोटातले ग्राफिक्स यांच्यापेक्षा बरे असते. म्हणजे पैसे देऊन संगणक आहे त्याहून मागे न्यायचा. जुन्या, पोटात ग्राफिक्स नसलेल्या संगणकाला नुसते चित्र यावे एवढ्यापुरता त्यांचा उपयोग आहे. विद्यार्थ्याला ती देऊ नयेत.

जुन्या बाजारातील कार्डाबद्दल पुष्कळ जण विचारतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली येथे माल मिळतो आणि सगळेच फसवतात असे नव्हे. पण सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाने कार्डांवर नाणी काढण्याची पद्धत बंद केली आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे ढिगाने विकायला निघाली. ती आजही हातोहात फिरत आहेत. जुने घ्यायचेच तर समोर चालवून घ्यावे, अर्धा तास ताण देऊन पाहावे, पंखे आणि उष्णता बघावी. ज्याला जाऊन समोर बसणे शक्य नाही त्याने कुरिअरने मागवू नये. आपल्या चिखलीला अजून रेल्वे नाही. बिघडलेले परत करायला देऊळगाव राजा-जालन्याच्या बसने दोन खेपा झाल्या की वाचलेले पैसे संपतात.

नव्या मालाला पक्के बिल घ्यावे. १८ टक्के जीएसटी वाचवण्याचे आमिष आपण व्यापारीच एकमेकांना दाखवतो, तेव्हा त्यावर जास्त काय लिहावे. पण बहुतेक नव्या कार्डांवर तीन वर्षांची हमी असते, आणि पन्नास हजारांच्या मालात हमीचा कागद नसेल तर पहिल्या बिघाडालाच ते १८ टक्के भरून निघतात. बिलावर कार्डाचा, मदरबोर्डचा, एसएमपीएसचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. आम्हाला पुतण्याच्या वेळी हे सुचले नव्हते.

शेवटी मेहुण्यांनी काय घेतले ते सांगतो. प्रोसेसर तोच, पण एफ नसलेला. रॅम बत्तीस जीबी. एसएसडी एक टीबी. मॉनिटर २४ इंची, आयपीएस, कंपनीच्या नावासह. हाताने रेषा काढण्यासाठी पेनची पाटी. वीज जाते-येते म्हणून यूपीएस. कार्ड नाही. मात्र एका जागी आम्ही हात आखडू दिला नाही : एसएमपीएस साडेपाचशे वॅटचा, चांगल्या कंपनीचा घेतला. दुकानदार म्हणाला, "कार्ड नाही तर एवढा कशाला?" तेव्हा आमच्या मेहुण्यांनी दिलेले उत्तर आम्हाला फार आवडले. ते म्हणाले, "वाढत्या पोराचा सदरा शिवताना आम्ही शिवणीत माया सोडतो. ही माया आहे." उद्या आरटीएक्स ५०६० सारखे १४५ वॅट ओढणारे कार्ड बसवायचे झाले तर डबा उघडायचा आणि बसवायचे, बाकी काही उसवावे लागणार नाही. मायेसाठी लागलेले पैसे फार नव्हते. एकूण बिल झाले एकोणसाठ हजार.

आज घेणाऱ्याने मात्र हे आकडे जसेच्या तसे धरू नयेत. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत मेमरीचे भाव एकदम चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठमोठी केंद्रे उभारणाऱ्या कंपन्या कारखान्यांचा माल ठोकात उचलू लागल्या आणि किरकोळ गिऱ्हाइकाच्या वाट्याला उरलासुरला येऊ लागला. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये किरकोळ बाजारातला आपला 'क्रुशल' हा छाप बंद करण्याचे जाहीर केले. सूत निर्यातीला गेले की आपल्या मागवाल्याचे काय होते ते आपण पाहिले आहेच. कार्डांवरही मेमरी असतेच, तेव्हा त्यांनाही ही झळ आहे. अशा वेळी बत्तीसचा हट्ट न धरता सोळा जीबीची एकच पट्टी घ्यावी, दुसरा खण रिकामा ठेवावा आणि भाव उतरल्यावर भरावा. आठच्या दोन पट्ट्यांनी वेग थोडा अधिक मिळतो; पण दोन खणांचा बोर्ड असेल तर पुढे वाढवताना दोन्ही काढून टाकाव्या लागतात.

बाकी राहिले सत्तरांपैकी अकरा हजार. दोन हजार भाचीच्या रंग-कागदाला गेले. नऊ हजार मेहुण्यांनी आमच्या दुकानात जमा ठेवले आणि वहीत खाते उघडायला लावले. त्यात ते दर महिन्याला पाचशे टाकतात. आतापर्यंत सहा हप्ते आले आहेत. मागच्या सुट्टीत भाची आली तेव्हा तिने ती वही पाहिली. खात्याच्या नावाच्या जागी तिच्या अब्बांनी 'कार्ड' असे लिहिले होते. तिने पेन घेतले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले. म्हणाली, "मामू, तिसऱ्या वर्षी सांगते."